कॉकपिटच्या प्रकल्पासाठी संदर्भग्रंथ घेण्याआधी

आधी कागद घ्या आणि कोणता आकडा हवाय ते लिहा. पंखाची लिफ्ट, म्हणजे विमानाला वर उचलणारं बल, काढायची आहे, की वैमानिकाचा हात थ्रॉटलपर्यंत, म्हणजे इंजिनाची ताकद कमी-जास्त करणाऱ्या दांड्यापर्यंत, पोहोचतो का ते बघायचंय? पहिल्यासाठी एरोस्पेसचं पुस्तक लागेल, दुसऱ्यासाठी अर्गोनॉमिक्सचं, म्हणजे वस्तू माणसाच्या शरीराला जुळवून घडवण्याच्या शास्त्राचं. दोन्ही महाग असतात, म्हणून हा कागद सोबतच ठेवा.

एरोस्पेसचं पुस्तक जुनं दिसलं म्हणून बाजूला ठेवू नका. अ‍ॅबट आणि फॉन डोनहॉफ यांचं पंखांच्या छेदांवरचं पुस्तक १९४९ चं, पण त्यातली एरोफॉइलची, म्हणजे पंखाच्या छेदाच्या आकाराची, माहिती आजही कामाची आहे. हवेचं वागणं बदलत नाही. एककं तेवढी तपासा. रेमरचं विमानाच्या आराखड्यावरचं पुस्तक मुख्यतः फूट-पौंडांत आहे. त्यात वैमानिकाची जागा, प्रवासी आणि सामान यांवर स्वतंत्र प्रकरण आहे, त्यामुळे तुमचा प्रकल्प प्राथमिक आराखड्यापाशीच थांबणार असेल, तर माझ्या मते तेवढं एक पुस्तक पुरे.

अर्गोनॉमिक्सच्या पुस्तकाला मात्र कसून प्रश्न विचारा. मापं कोणाची घेतली, कोणत्या देशात, कधी? स्त्रियांचे तक्ते वेगळे आहेत का? नुसती सरासरी देणारं पुस्तक परत फडताळात ठेवा. अमेरिकी हवाई दलात गिल्बर्ट डॅनियल्सनं ४,०६३ जणांची दहा मापं पडताळली, तेव्हा दहाही मापांत सरासरीच्या आसपास बसणारा एकही माणूस सापडला नाही. १९५२ च्या अहवालात त्यानं हे मांडलं. तुम्हाला पाचवं आणि पंचाण्णवावं पर्सेंटाइल हवंच, म्हणजे शंभरातल्या पाच जणांचं आणि पंचाण्णव जणांचं माप ज्याच्या खाली येतं ते आकडे. भारतीय शरीरमापांसाठी अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेनं १९९७ साली काढलेलं देबकुमार चक्रवर्तींचं पुस्तक आधी पाहा, पण ती मापं सर्वसाधारण लोकांची आहेत, वैमानिकांची नव्हेत. हेल्मेट, बूट, फ्लाइट सूट यांची वाढ तुम्हालाच धरावी लागेल.

पैसे मोजण्याआधी नासाचा १९७८ चा तीन खंडांचा शरीरमापांचा संदर्भग्रंथ चाळा. तो फुकट मिळतो. मग एकच माप, समजा बसलेल्या माणसाच्या डोळ्यांची उंची, दोन पुस्तकांत शेजारी ठेवून बघा. ती आसनापासून मोजली आहे की जमिनीपासून, आणि माणूस ताठ बसला होता की सैल, हे जे पुस्तक आकृतीसकट सांगतं, ते घ्या.