बैठकीसाठी लावण्या निवडताना

लावणीच्या पार्टीत नवी आलेली बाई पहिल्यांदा हेच विचारते, "सध्या कुठलं गाणं चालतंय?" मी तिला म्हणते, चालणाऱ्या गाण्याचं नंतर बघू, तुझ्या डोळ्यांना कुठल्या ओळीत काम मिळतं ते आधी सांग. संगीतबारीत, म्हणजे बायकांच्या पार्टीच्या लावणीच्या कार्यक्रमात, दौलतजादा होते, म्हणजे माणसं खूश होऊन पैसे देतात, ती अदेवर, आणि अदेला शब्दांत जागा लागते.

म्हणून लावणी आधी नुसती वाच. पेटी नको, ढोलकी नको. मुखडा साध्या बोलण्यात म्हणून बघ. समज, ओळीचा अर्थ एवढाच आहे की "उशीर झाला, जा की आता घरी." ती रागानं म्हण. लाडानं म्हण. तोंडानं जा म्हणताना मनातून थांब म्हणतेयस, अशी म्हण. सासू जागी झाली असेल या धास्तीनं म्हण. दर वेळी अर्थ पालटत असेल तर ती ओळ बैठकीला, म्हणजे जवळ बसलेल्या मोजक्या माणसांपुढं, घे. सगळं उघडं करून सांगणारी ओळ पहिल्याच फेरीत संपते, दुसऱ्यांदा म्हटली की समोरचा माणूस मोबाइल काढतो. वाईच्या लावणी गायिका यमुनाबाई वाईकर बसल्या जागी एकाच ओळीचे किती अर्थ दाखवत! त्यांना २०१२ साली पद्मश्री मिळाली. त्यांची जुनी चित्रफीत मिळाली तर आवाज बंद करून नुसता चेहरा आणि हात बघ.

थिएटरच्या स्टेजचं गणित वेगळं. तिथं आपल्या पार्टीची पाळी थोडा वेळ, मागून दुसरी पार्टी तयारच असते. तिथं छक्कड, म्हणजे उडत्या ढंगाची शृंगारिक लावणी घे, ढोलकी चढती ठेव, आणि पहिल्या कडव्यातच तोडा, म्हणजे नाचाचा तुकडा घे म्हणजे मागच्या रांगेपर्यंत चाळ ऐकू जातात. बालेघाटी, म्हणजे विरहाची लावणी, स्टेजवर टाकू नकोस. लोक खुर्च्या सरकवत असताना ती गाणं हा तिचा अपमान आहे. ती रात्री बैठक रंगल्यावर.

पट्टी स्वतःची ठरव. सिनेमातल्या लावण्या बऱ्याचदा चढ्या पट्टीत असतात, आणि नाचून दम लागल्यावर वरचा सूर फाटतो. पेटीवाल्याला सांगून अर्धा-एक स्वर खाली घे, त्यात कमीपणा काही नाही. तालीम चाळ बांधून आणि नऊवारी नेसूनच कर. सलवारीवर सोपी वाटलेली गिरकी शालूत अडकते, मग त्या जागी शब्द सुटतो. गिरक्यांच्या दोन लावण्या लागोपाठ लावू नकोस. मधे एक बसून करायची ठेव, पिलू नाहीतर खमाजातली. गुडघ्यांना विसावा मिळतो आणि ऐकणाराही शांत होतो.

ढोलकीवाल्याला नुसतं गाण्याचं नाव सांगून भागत नाही. कुठल्या शब्दावर तू थांबणार, कुठं त्यानं हात उचलायचा, कुठं परत ठेका धरायचा, हे आधी बोलून घे. भुवई उचलायच्या क्षणी ढोलकी वाजत राहिली तर ती भुवई कुणाला दिसत नाही.

फर्माईश येणारच. हिंदी गाणं मागतील, रिमिक्स मागतील. अशी चार-पाच बसवून ठेव, पण मुखडा आणि एकच कडवं, आणि तिथून ढोलकीच्या ठेक्यावर आपल्या लावणीत ये.

आणि हे नीट ऐक. बैठकीत माणसं हाताच्या अंतरावर बसलेली असतात. तिथं सुरुवातीला नकाराची लावणी घे: पदर सोडा, लांबूनच बोला, अशा अर्थाची. जुन्या शाहिरांनी अशा लावण्या ढीगभर लिहिल्यात आणि त्या रंगतातही फार. गाण्यातल्या बाईनं हद्द आखली की बहुतेक माणसं ती पाळतात. एखाद्यानं नाहीच पाळली तर गाणं तिथंच थांबवायचं, पुढचं पार्टीची मालकीण बघेल. जे शब्द तुझ्या तोंडून निघत नाहीत, ते मालकिणीला पहिल्याच दिवशी सांगून ठेव. माणूस कितीही पैसे दाखवो, ते गाणं तुझ्या वहीत नको.

वही मात्र ठेवच. लावणीचं नाव, पट्टी, थांबायच्या जागा, आणि कुठल्या ओळीला "पुन्हा" म्हणाले ते. शेवटचं पान भैरवीसाठी राखून ठेव. भैरवी झाली की फर्माईश घ्यायची नाही, हे पेटीवाल्यालाही माहीत असू दे, नाहीतर तो सवयीनं पुढचा सूर धरतो.