कोकणातलं जुनं लॉज दुरुस्तीला काढण्याआधी

दापोली-गुहागरच्या किनाऱ्याला तुमचं जुनं लॉज असेल आणि यंदा ते दुरुस्तीला काढायचं मनात असेल, तर गवंड्याला बोलावण्याआधी एक वही घ्या. दिवाळीच्या सुट्टीत खोल्या भरलेल्या असताना आठवडाभर रोज विजेच्या मीटरचा आकडा लिहा आणि विहिरीवरचा पंप किती मिनिटं चालला तेही लिहा. खर्च कुठे करायचा, हे त्या वहीतून कळतं. त्याच आठवड्यात रात्री प्रत्येक फ्लशच्या टाकीत थोडा खायचा रंग टाका. सकाळी तो भांड्यात उतरलेला दिसला, तर ती टाकी गळते आहे. जुन्या टाक्या एका वेळी १० ते १२ लिटर पाणी सोडतात, नव्या दुहेरी बटणाच्या टाक्या ३ किंवा ६ लिटरमध्ये भागवतात.

भरतीरेषेपासून ५०० मीटरच्या आत असाल तर सीआरझेडचे, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाचे सरकारी नियम लागतात. कामाला हात लावण्याआधी परवानगीचं बघून घ्या.

मग दिवसभर नुसतं फिरा आणि काय पाडायचं नाही त्यावर खडूने खुणा करा. माझ्या मते पर्यावरणाचं सगळ्यात मोठं काम याच दिवशी होतं. चिऱ्याची भिंत, कौलं, किंजळीचे आणि फणसाचे वासे हे सगळं एकदा घडवून झालेलं आहे. ते काढून स्लॅब ओतला, तर सिमेंट आणि सळई नव्याने आणावी लागते आणि खोली तापते म्हणून एसीही वाढतो. आम्ही घाईत दोन खोल्यांची जुनी शहाबादी फरशी फोडून टाकली. ती उलटून, घासून पुन्हा बसवता आली असती, ही हळहळ अजून आहे.

भिंतींना पोपडे आले असतील तर आधी ओल कुठून येते ते शोधा. जांभ्यावर सिमेंटचा गिलावा मारला की आत शिरलेली ओल कोंडते. चुन्यातून ती बाहेर पडते. पण चुन्याची तयारी लवकर लागते: कळीचा चुना विरवून निदान दोन-तीन आठवडे पाण्याखाली मुरू द्यावा लागतो, आणि तो लावणारा गवंडी त्याहून आधी गाठून ठेवावा लागतो.

पाण्याच्या नळ्यांचा आराखडा फरशी उघडण्याआधी कागदावर हवा, कारण जमीन एकदाच उघडी पडते. संडासाची आणि मोरीची लाइन तेव्हाच वेगळी करा. मोरीचं पाणी माडांना, केळींना देता येतं. सेप्टिक टाकी उपसून तडे तपासा. जांभा सच्छिद्र असतो, त्यातून मैलापाणी झिरपत विहिरीपर्यंत पोहोचतं, आणि ती विहीर बऱ्याचदा शेजाऱ्याचीही असते. शोषखड्डा विहिरीच्या चढाच्या बाजूला असेल तर तो हलवण्याचे पैसे सगळ्यात आधी बाजूला काढा, रंग पुढच्या वर्षी झाला तरी चालेल. कामाच्या आधी आणि नंतर विहिरीचं पाणी तपासून घ्या.

जुने एसी भंगारात देण्याआधी तंत्रज्ञाकडून त्यातला गॅस सिलिंडरमध्ये काढून घ्या. आर-२२ असेल तर हवेत सोडल्यावर तो ओझोनच्या थराला मारतो. मागच्या पडवीवर सिमेंटचे जुने पत्रे असतील तर त्यात ॲस्बेस्टॉस असतं असंच धरून चाला: हातोडा नको, पत्रे ओले करून, बोल्ट सोडवून अख्खे उतरवा आणि कामगारांना चांगले मास्क द्या. सोलर बंब बाथरूमच्या जवळ बसवा, नाहीतर गरम पाणी येईपर्यंत पाहुणा बादलीभर गार पाणी सोडून देतो.

शाकारणी मृगाआधी उरकायची, म्हणून छपराचं काम शेवटाला ढकलू नका. तेव्हाच पन्हळी लावा. २०० चौरस मीटर छपरावर ३००० मिलिमीटर पाऊस धरला तर ६ लाख लिटर पाणी पडतं. आमच्याकडे एप्रिलमध्ये टँकर मागवावा लागतो तो याच छपराखाली. पन्हळीच्या तोंडाला जाळी हवी आणि खाली एक वळवायचा व्हॉल्व्ह हवा. पहिले दोन-तीन पाऊस कौलांवरची धूळ आणि पक्ष्यांची घाण धुऊन नेतात, तेवढं पाणी बाहेर सोडा आणि मगच व्हॉल्व्ह टाकीकडे फिरवा.