चमकतंय म्हणजे मेम्ब्रेन झालं असं नाही

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी ग्रुप मीटिंगमध्ये मी सूक्ष्मदर्शकातून काढलेला एक फोटो दाखवला. अख्खी चौकट लाल, एकसारखी, कुठे भोक नाही. मऊ पॉलिमरच्या थरावर लाल रंग लावलेल्या लिपिडचं, म्हणजे पेशीच्या आवरणात असतात तशा स्निग्ध रेणूंचं, मेम्ब्रेन (पातळ पडदा) पसरलं, असं मी ठासून सांगितलं. मागच्या रांगेतल्या एका सीनियर मुलीने विचारलं, "फ्रॅप केलंस का?" केलं नव्हतं. फ्रॅप म्हणजे लेसरने एका जागचा रंग जाळायचा आणि ती जागा पुन्हा भरते का ते बघायचं. संध्याकाळी लेसरने दहा मायक्रोमीटर त्रिज्येचा डाग जाळला आणि बघत बसले. पंधरा मिनिटांनीसुद्धा तो डाग तसाच, बंद्या रुपयाएवढा गोल आणि काळा.

मेम्ब्रेन असतं तर आजूबाजूची रंगीत लिपिडं त्या डागात वाहत आली असती. काचेवरच्या चांगल्या मेम्ब्रेनमध्ये एवढा डाग दहा-बारा सेकंदांत निम्मा भरतो. मेम्ब्रेन बनतं ते व्हेसिकल्स, म्हणजे लिपिडचे बारीक पोकळ फुगे, फुटून पसरल्यावर. माझ्याकडे ती फुटलीच नव्हती, पॉलिमरवर नुसती दाटीवाटीने चिकटून बसली होती. शंभर नॅनोमीटरचे हे फुगे साध्या सूक्ष्मदर्शकाला वेगवेगळे दिसत नाहीत, त्यामुळे गर्दी आणि चादर यांचा फोटो एकच येतो. चार महिने मी गर्दीचे फोटो काढत होते.

या विषयात नव्याने येणारे बहुतेक जण इथेच अडखळतात. याचं कारण काचेत आहे. काचेवर मेम्ब्रेन पसरवण्याची पद्धत १९८० च्या दशकात स्टॅनफर्डमध्ये मॅककॉनेल यांच्या गटाने रुळवली. स्वच्छ काच व्हेसिकलला इतक्या जोरात ओढते की ते चपटं होऊन फाटतं आणि पसरतं. पण मग मेम्ब्रेन आणि काच यांच्यात पाण्याचा जेमतेम एक-दोन नॅनोमीटरचा थर उरतो. मेम्ब्रेनमधून खाली डोकावणारं प्रथिन काचेला घासतं आणि जागीच अडकतं. म्हणून म्युनिकमध्ये झाकमान, तनाका वगैरे संशोधकांनी मध्ये पाण्याने फुगलेल्या पॉलिमरची गादी घालण्याचा मार्ग पुढे नेला. गादीमुळे अंतर वाढतं, प्रथिनाला हलायला जागा मिळते. पण त्याच अंतरामुळे काचेची ओढ कमी होते आणि व्हेसिकल फाटायला काही कारणच उरत नाही. ज्या गुणासाठी गादी घातली, तोच आडवा येतो.

'मऊ' या शब्दानेही फसायला होतं. पीडीएमएस हे सिलिकोन रबर मऊ असतं, पण पाण्याला नको म्हणतं. प्लाझ्मा (विद्युतभारित वायू) देऊन पाणी धरायला लावलं तरी काही दिवसांत पुन्हा मूळपदावर. आपल्याला हवं ते मऊ आणि पाणी धरून ठेवणारं.

दुसरा घोळ नावाचा. सपाट मेम्ब्रेन बनवण्याच्या या रीतीलाच लोक 'व्हेसिकल फ्यूजन' म्हणतात. प्रत्यक्षात ते पृष्ठभागावर फाटणं असतं. खरं फ्यूजन म्हणजे दोन मेम्ब्रेन जवळ येऊन आधी त्यांच्या दोन-दोन पदरांपैकी बाहेरचे एक होणं, मग आतले, आणि शेवटी मध्ये छिद्र पडून आतलं पाणी पलीकडे जाणं. आता समजा काचेवरच्या मेम्ब्रेनला बारीकसं भोक आहे. वरून आलेलं व्हेसिकल त्या भोकात उघड्या काचेला चिकटतं, फाटतं, त्याचा रंग भोवती पसरतो. पडद्यावर हुबेहूब फ्यूजन! गादीवर हा खोटा सिग्नल कमी होतो, कारण भोकाखाली ओढणारी काच नसते. फ्यूजनचा अभ्यास करणाऱ्यांना गादीचा सगळ्यात मोठा फायदा मला हाच वाटतो, आणि शोधनिबंधाच्या प्रस्तावनेत नेमका तोच लिहायचा राहतो.

थोडं हाताचं काम. लिपिड क्लोरोफॉर्ममध्ये असतं, तेव्हा काचेची सिरिंजच वापरा. प्लास्टिकची टिप विरघळून नमुन्यात येते. व्हेसिकल्स एकसारखी व्हावीत म्हणून नमुना एक्स्ट्रूडरमधून, म्हणजे दोन सिरिंजच्या मधल्या बारीक छिद्रांच्या गाळणीतून, ११ किंवा २१ वेळा काढा, लग्नातल्या आहेरासारखं. विषम आकडा अशासाठी की शेवटी नमुना पलीकडच्या सिरिंजमध्ये येतो आणि न गाळलेला गाळ अलीकडे राहतो. एकदा बनलेलं मेम्ब्रेन क्षणभरही पाण्याबाहेर काढू नका. बफर (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण) बदलताना ट्यूबमधून हवेचा एक बुडबुडा गेला आणि माझा दिवसभराचा नमुना खरवडून निघाला, हे मी तीनदा केलंय.

व्हेसिकल्स फोडायला आधी मी धनभाराचं लिपिड मिसळून पाहिलं. फुटली, पण ऋणभाराच्या पॉलिमरला अशी घट्ट धरून बसली की लिपिड हलेना. मग व्हेसिकल्स १५० मिलिमोलर मिठाच्या पाण्यात बनवली, गादीवर बसू दिली आणि वरून साधं शुद्ध पाणी सोडलं. पाणी आत शिरतं, फुगे तट्ट फुगतात आणि फुटतात. डाग जाळला. तिसाव्या सेकंदाला कडा धूसर झाल्या, दोन मिनिटांत बराचसा भरला. उरलेला काळेपणा म्हणजे न फुटलेली व्हेसिकल्स, असं मी धरून चालले.

मेम्ब्रेन जमलं, आता त्यावर खरं फ्यूजन बघायचं होतं. गाइडना दाखवलं. त्यांनी आलेख पाहिला आणि म्हणाले, "फ्यूजन बघताना रंग मिसळला म्हणजे पदर मिसळले, एवढंच. आता वरून सोडायच्या व्हेसिकल्समध्ये कॅल्सिन भर." कॅल्सिन हे चमकणारं रंगद्रव्य दाटीत असताना मंद असतं, बाहेर सांडलं की उजळतं. मेम्ब्रेनखालच्या पाण्यात ते उजळलं तर छिद्र पडलं. वरच्या बफरमध्ये उजळलं तर व्हेसिकल नुसतं गळलं. काचेवर खाली सांडायला जागाच नव्हती. गादीवर ती होती.