लॅव्हेंडर पावसाळ्यात का जातं? या चुका टाळा

डिसेंबरात नर्सरीतून आणलेलं लॅव्हेंडर मार्चपर्यंत मजेत असतं आणि जुलैत माना टाकतं. तहान लागली असेल म्हणून आपण आणखी तांब्याभर पाणी ओततो. माझी पहिली दोन रोपं मी अशीच घालवली. दुसरं उपटलं तेव्हा मातीला डबक्याचा वास येत होता. मूळ चिमटीत धरून ओढलं तर साल सुटून हातात आली, आत नुसता दोरा. ही मूळकूज. तहानलेलं आणि कुजलेलं रोप वरून सारखंच दिसतं, म्हणून आधी बोट दोन पेरं मातीत खुपसा. ओल लागली तर तांब्या खाली ठेवा.

हे झाड भूमध्य समुद्राकाठच्या खडकाळ, चुनखडीच्या उतारांवरचं. तिकडे पाऊस हिवाळ्यात पडतो, उन्हाळा कोरडा जातो. आपल्याकडे नेमकं उलटं. पावसाळ्यात कुंडी वळचणीला, पण वारा खेळेल अशा जागी सरकवा. खालची ताटली काढून टाका. पानांवर फवारा तर नकोच.

दुसरी चूक मातीची. आपल्या काळ्या मातीचा सामू (पीएच, म्हणजे माती किती आंबट की खारी) लॅव्हेंडरला चालतो, तिचा चिकटपणा मारतो. नुसतं कोकोपीटही (नारळाच्या सोडणाचा भुसा) पाणी धरून बसतं. मी माती, जाड वाळू आणि विटांचा चुरा सारख्या भागांनी घेते, गांडूळखत मूठभरच. खत जास्त झालं की फांद्या लुसलुशीत होऊन आडव्या पडतात, वासही फिका पडतो.

‘हिरवंगार आहे, पण फूल नाही’ ही तक्रार बहुधा जातीची असते. इंग्लिश लॅव्हेंडरला कडक थंडी लागते. जम्मूतल्या भदरवाहला ती मिळते, ठाण्याच्या गॅलरीत कुठून मिळणार? करवतीसारख्या कातर कडांच्या पानांचं फ्रेंच लॅव्हेंडर घ्या. सहा तास ऊन मात्र त्यालाही हवंच. (आपल्या डोंगरउतारांवर उगवणारी घोडेघुई याच लॅव्हेंडरची सख्खी बहीण, हे मला फार उशिरा कळलं.)

फुलं सरली की छाटणी करा, पण हिरव्या भागातच. खालच्या जून लाकडाला सहसा नवी फूट येत नाही.

मूळ कुजायला लागलंच असेल तर रोपाच्या मागे लागू नका. शेंड्याकडची, फूल नसलेली तीन-चार इंचांची हिरवी काडी घ्या, खालची पानं काढा आणि ओलसर वाळूत खोचा. सावलीत ठेवा. महिन्याभराने हलकेच ओढून बघा. अडली, तर मुळं धरली.