आवाज दबका येतोय? नवीन हेडफोन घ्यायच्या आधी हे तपासा, मग कोणता घ्यायचा ते ठरवा

कानाला दडे बसल्यासारखं वाटतं, समोरचा काय बोलतोय ते नीट कळत नाही, की लगेच आपण सेल कधी लागणार ते बघायला लागतो. पण दोष कधी हेडफोनचा असतो, कधी कानाचा, कधी नुसत्या कनेक्शनचा, आणि कानात मळ साठला असेल तर पाच हजारांचा हेडफोनसुद्धा तसाच दबका वाजणार. म्हणून आधी दोष कुठे आहे ते शोधा.

१. बाजू बदलून बघा

फोनच्या सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीत जाऊन मोनो ऑडिओ (दोन्ही बाजूंना एकसारखाच आवाज) चालू करा, आणि तिथेच डावी-उजवीचा स्लायडर मध्यावर आहे ना तेही बघा, कधीकधी चुकून सरकलेला असतो आणि सगळा घोळ तेवढ्यानेच झालेला असतो. मग डावा इअरफोन उजव्या कानात, उजवा डाव्या कानात. कमी आवाज इअरफोनबरोबर दुसऱ्या कानात गेला तर दोष इअरफोनचा, बहुतेक तो चोंदलाय. त्याच कानात राहिला तर कान. वायरलेस बड उलट्या कानात नीट बसत नाहीत, तेव्हा ते पुसून घरातल्या दुसऱ्या कुणाला ऐकायला द्या.

२. चोंदला असेल तर साफ करा

सिलिकॉनची टिप काढा आणि आतली बारीक जाळी टॉर्चखाली बघा, पिवळट-तपकिरी थर दिसला की कारण सापडलं. बड जाळी खाली येईल असा धरायचा आणि कोरड्या मऊ टूथब्रशने हलक्या हाताने घासायचं, म्हणजे सुटलेला मळ आत न जाता खाली पडतो. पिन घालू नका, जाळी आत जाते. पाणी, सॅनिटायझरही थेट जाळीवर नको. टिपा मात्र कोमट साबणाच्या पाण्यात खुशाल धुवा, पूर्ण वाळल्या की मगच लावा. बऱ्याच जणांचा प्रश्न इथेच मिटतो आणि पैसे वाचतात.

३. दोष कानात असेल तर

तोंड बंद करून 'म्म्म्म' असं गुणगुणा. दबलेल्या कानात ते जास्त मोठं ऐकू आलं तर बहुतेक आवाजाची वाट अडलीय, मळाने किंवा सर्दीने. उलट चांगल्या कानात मोठं आलं, आणि दुसऱ्या कानाचं ऐकू येणं एकदम कमी झालं असेल, तर आतल्या नसेचा प्रश्न असू शकतो, त्याला उपचार जितक्या लवकर तितका फायदा, तेव्हा 'मळच असेल, जाईल' म्हणून आठवडा काढू नका, त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा. ही घरगुती चाचणी आहे, निदान नाही, त्यामुळे काहीही आलं तरी ऐकू येणं अचानक कमी झालं असेल तर जायचंच.

मळ म्हणजे घाण नव्हे बरं का, कानाच्या आतल्या कातडीला तो जपतो आणि जबडा हलतो तसा आपोआप बाहेर सरकतो. आपण कापसाची काडी, कानकोरणं, सेफ्टी पिन घालून त्याला परत आत ढकलतो, आणि दिवसभर कानात बसलेले इन-इअर त्याची बाहेर यायची वाट अडवतात. आजीचं गरम तेल नको, स्टेशनबाहेरचा कान साफ करणारा तर नकोच. डॉक्टर मळ मऊ करायचे थेंब देतात किंवा सक्शनने काढतात, काम काही मिनिटांचं असतं. कान वाहत असेल, दुखत असेल किंवा पडद्याला भोक असेल तर मनाने कुठलेच थेंब घालू नका.

४. फक्त कॉलवरच आवाज खराब येतो?

गाणी छान आणि मीटिंगमध्ये मात्र सगळे डब्यातून बोलतायत असं वाटतं, तर ते ब्लूटूथमुळे. माइक चालू झाला की बरेच हेडसेट कॉल मोडमध्ये जातात आणि आवाजाचा दर्जा उतरतो. माइक लॅपटॉपचा निवडा, हेडफोन नुसता ऐकायला ठेवा. नाहीतर सरळ वायरवाला वापरा.

५. आता निवड

मळाचा त्रास वारंवार होणाऱ्यांनी माझ्या मते ओव्हर-इअर घ्यावा, म्हणजे पूर्ण कान ज्याच्या कपात मावतो तो. कानाच्या नळीत काही जात नाही, मळ ढकलला जात नाही. घेताना पॅड बदलून मिळतात का ते बघा, कारण रेक्झिनचे पापुद्रे आपल्या घामात लवकर निघतात, कापडी पॅड त्या मानाने बरे. ऑन-इअर कानाच्या पाळीवर दाबतो, चष्मा असेल तर तासाभरात डोकं धरतं.

बाहेरच टेकणारे अर्धे इअरबडही चालतात, पण लोकलमध्ये बाहेरचा गोंगाट आत येतो आणि आपण आवाज वाढवत जातो. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबल आवाजात आठवड्याला जास्तीत जास्त ४० तास ऐका असं सांगते, ९० डेसिबलला फक्त ४ तास.

बोन कंडक्शनवाला, म्हणजे हाडातून आवाज पोचवणारा, गालाच्या हाडावर टेकतो, कान मोकळा राहतो, चालायला जाणाऱ्यांना मस्त, बेस मात्र विसरा. आणि मळाने कान बंद असला तरी त्यात आवाज स्वच्छ येऊ शकतो, म्हणून त्यावर भागवून डॉक्टर टाळू नका.

इन-इअरच हवा असेल तर टिपा निघणाऱ्या हव्यात, तीन साइज हवेत (दोन कानांना वेगवेगळा साइज लागू शकतो), आणि फोमपेक्षा सिलिकॉन, कारण ते धुता येतं. टिप नीट बसली नाही की बेस गायब होतो आणि माणूस उगाच कंपनीला शिव्या देतो.

६. दुकानात

गाणं लावू नका, मराठी बातम्या लावा. स, श, फ वेगळे ऐकू येतात का बघा, मळ असो वा स्वस्त स्पीकर, आधी हीच अक्षरं जातात. सगळ्या मॉडेलवर तीच क्लिप, तेवढ्याच आवाजात. डेमोचा इन-इअर पुसल्याशिवाय कानात घालू नका, आणि उघडलेला इन-इअर परत घेतात का ते पैसे देण्याआधी विचारा, बऱ्याच ठिकाणी घेत नाहीत.

घरी आणल्यावर अंघोळीनंतर ओल्या कानात लगेच घालायचा नाही, पावसाळ्यात तर नाहीच, कानात बुरशी धरते. आणि टिपा भावाबहिणीलाही उसन्या द्यायच्या नाहीत, त्यांना त्यांच्या साइजच्या वेगळ्या घेऊन द्या.