कॅनॉपीची फ्रेम बसवताना काय काय फसतं

धुळ्याच्या धावपट्टीवर २०२० मध्ये कॅप्टन अमोल यादवांनी स्वतः बांधलेलं विमान उडालं, तेव्हापासून आपल्याकडची पोरं मला विचारतात, "असं काम शिकायचं कुठं?" मी शिकलो भुसावळजवळच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये. आयटीआयचा फिटर मी, आणि समोर अण्णांचं दोन सीटचं घरी बांधायला घेतलेलं विमान. पंख, शेपटी, रिव्हेट यांत फार अडलं नाही. रडवलं ते कॅनॉपीनं, म्हणजे पायलटच्या डोक्यावरच्या पारदर्शक झाकणानं.

तिला सगळे काच म्हणतात, पण असतं ते ॲक्रिलिक. खालची फ्रेम आमची स्टीलच्या नळीची. वेल्डिंग थंड होताना नळी ओढते, त्यामुळे ड्रॉइंगमधली फ्रेम आणि हातातली फ्रेम कधीच एक नसते. आमची डावीकडून ५ मिमी वर राहत होती. मी क्लॅम्प लावून दाबली आणि बसली म्हणून सांगितलं. अण्णांनी क्लॅम्प सोडला. फ्रेम टुणकन वर.

"अरे भो, दाबल्यावर तर काहीही बसतं. सोडल्यावर बसते का ते बघ."

मग लाकडी ठोकळे लावून जरा वाकवायची, ठेवून बघायची, परत उचलायची. चार दिवस तेच. त्याआधी विमान लेव्हलमध्ये घ्या. बॉडी घोड्यांवर (खालच्या स्टँडवर) पिळलेली असेल, तर फ्रेमही त्या पिळालाच बसते आणि पुढं दार लागत नाही.

ॲक्रिलिक कापायला जिगसॉ घेऊ नका, कटिंग डिस्क घ्या, आणि कड पॉलिश पेपरनं घासा. कडेचा बारीक चराच पुढं तडा होतो. साधं ड्रिल बिट आत खेचलं जातं आणि बाहेर पडताना कड फोडतं. ॲक्रिलिकचं वेगळं बिट मिळतं, तेच वापरा.

माझा तडा जानेवारीतला. सकाळचे सात, शेडमध्ये १० अंश, आणि मला घाई. शेवटून तिसरं भोक, टक्. चार बोटं लांब रेघ. अण्णा काही बोलले नाहीत, फक्त चहा सांगितला. ते जास्त लागलं. तड्याच्या टोकाला बारीक भोक पाडून तो तिथंच थांबवला.

थंडीत ॲक्रिलिक ठिसूळ होतं. मग मे महिन्यात करावं? तेही नको. १२०० मिमीची कॅनॉपी ३५ अंशांच्या फरकानं जवळपास ३ मिमी वाढते, स्टील जेमतेम अर्धा मिमी. ४५ अंशांत पाडलेली भोकं थंडीत सगळी मधल्या बाजूला ओढतात. आम्ही उरलेलं काम फेब्रुवारीच्या दुपारी केलं. भोकं स्क्रूपेक्षा मोठी ठेवली, आणि स्क्रू टेकले की हात थांबवला.

थिनर, पेट्रोल जवळ आणू नका, ॲक्रिलिकवर बारीक तड्यांची जाळी पडते. साबणाचं पाणी पुरतं. ॲक्रिलिकवर ओरखडे पडू नयेत म्हणून चिकटवलेली फिल्म शेवटपर्यंत राहू द्या. मी ती हौसेनं आधीच काढली होती, आणि माझ्या पट्ट्याच्या बक्कलाचा ओरखडा आजही बरोबर पायलटच्या नजरेसमोर आहे.