माकडतापाची लस करायचीय? आधी कॅलेंडर काढा

प्रयोगशाळेत नवीन आलेली मुलं पहिल्याच आठवड्यात लसीचा आराखडा घेऊन माझ्याकडे येतात. मी त्यांना भिंतीवरच्या कॅलेंडरापाशी नेते. माकडतापाचा विषाणू गोचिडाच्या चाव्यातून येतो, आणि गोचिडाची तिळाएवढी पिल्लं माणसाला चावतात ती साधारण डिसेंबर ते मे. म्हणजे सगळे डोस नोव्हेंबरपर्यंत टोचून झालेले हवेत. हे बसत नसेल तर आराखडा परत.

जुनी लस इथेच अडकली. कोंबडीच्या गर्भपेशींवर विषाणू वाढवून फॉर्मॅलिनने मारायचा. महिन्याच्या अंतराने दोन डोस, सहा ते नऊ महिन्यांनी बूस्टर, मग वर्षाला एक. वर दंड ठणकायचा. पहिल्या सुईने हैराण झालेला बागेतला मजूर रोज बुडवून दुसरीला कशाला येईल? कर्नाटकातल्या एका अभ्यासात दोन डोसांनी सुमारे ६२ टक्के, बूस्टरसह ८३ टक्के संरक्षण दिसलं. २०२२ मध्ये ही लस थांबली.

तयार भावकीची लस उचलायचा मोहही नको. १९५७ मध्ये शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात माकडं मेली, माणसं तापली, तेव्हा याच कुळातल्या रशियन मेंदूज्वराची लस टोचून पाहिली होती. उपयोग झाला नाही.

उंदरांवरच्या निकालाने हुरळू नका. लाल तोंडाचं माकड या विषाणूने खरोखर आजारी पडतं, खरी परीक्षा तिथे. व्हीएसव्ही या वाहक विषाणूवर बेतलेल्या लसीच्या एका डोसाने माकडं वाचल्याचं अमेरिकेतल्या प्रयोगात दिसलंय. माझा कल तिकडे आहे. फक्त या लसीतला विषाणू जिवंत असतो, तेव्हा गरोदर बायकांचं काय, हे आधी ठरवा.

माणसांवरची चाचणी सगळ्यात अवघड. रुग्ण वर्षाला काहीशे, तेही यंदा या तालुक्यात तर पुढच्या वर्षी डोंगरापलीकडे. २०१६ मध्ये सिंधुदुर्गात साथ आली, तशी. हजारोंना टोचून वाट बघत बसलात तर हंगाम कोरडा जाईल. रक्तात किती प्रतिपिंडं म्हणजे पुरेसं संरक्षण, हे औषध नियंत्रकांशी सुरुवातीलाच बोलून घ्या.

औषधाचं गणित दिवसांचं. विषाणू रक्तात भरपूर असतो तो पहिल्या तापात. मग रुग्णाला बरं वाटतं, आणि दहा-वीस टक्के जणांना आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा ताप चढतो, मान ताठते, भ्रम होतो. तोवर विषाणूरोधक गोळीची वेळ टळलेली असते. म्हणून तिसऱ्या-चौथ्या दिवशीच आरटी-पीसीआर होऊन रुग्ण औषधाच्या चाचणीत यायला हवा. आमचा एक नमुना शनिवार-रविवार गाडीविना केंद्रातच पडून राहिला. निकाल आला आठव्या दिवशी, रुग्ण घरी परतल्यावर. तेव्हापासून औषध-चाचणीच्या अंदाजपत्रकात मी पहिली ओळ मोटारसायकल आणि शीतपेटीची लिहिते.